रविवारी कानात तेल

आमच्या घरात रविवारी कोणालाही बाहेर पडायचं असेल तर आधी कानात तेल घालून घ्यावं लागे. मग लग्न असो, मयत असो, नाहीतर मतदान असो. सकाळचा चहा झाला की आई दिवाणावर मांडी घालून बसायची. शेजारी स्टीलच्या ताटलीत कोमट तेलाची वाटी, कापूस आणि बोंडलं. बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी. आमचं चांदीचं होतं आणि मी त्यातूनच दूध प्यायले होते. माझे दात आल्यावर ते रीतसर माळ्यावर जायला हवं होतं, पण आईने त्याची बदली कानाच्या खात्यात केली.

तेल साधंसुधं नव्हे. कल्याणच्या एका घाण्यावरून तिळाचं तेल आणायचं, त्यात लसणीच्या पाकळ्या काळ्या होईपर्यंत कढवायच्या, मग ओवा आणि वेखंडाचा एक तुकडा. हे शिजत असताना जिन्यातून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावत. डोंबिवलीत राहून, एमआयडीसीतल्या कारखान्यांचे नाना तऱ्हेचे वास पचवलेली ही माणसं, त्यांनी रुमाल काढावा यातच सगळं आलं.

त्या कारखान्यांचा आणि तेलाचा संबंध होता. हवेतली केमिकलं नाकातून आत जातात हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण खरा धोका कानातून आहे, असं आईचं ठाम मत होतं. "नाकाला केस दिलेत देवाने, कानाचं दार सताड उघडं," ती म्हणायची. "तेलाने ते बंद राहतं." ते खरोखरच बंद राहत होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तेल घालायची पद्धत ठरलेली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून कुशीवर पडायचं. ती चष्मा काढून ठेवायची, तेलकट होईल म्हणून. सगळं काम हाताच्या अंदाजाने. कानाची पाळी मागे ओढायची, बोंडल्याची चोच टेकवायची आणि "हलू नको" म्हणायची. मग गुळगुळ आवाज करत तेल आत उतरायचं आणि अर्धं जग बंद व्हायचं. तेल मुरेपर्यंत तसंच पडून राहायचं. तेवढ्या वेळात आई उरलेल्या कानात आठवड्याच्या बातम्या सांगायची. कोणाची मुलगी पळून गेली, कोणाची परत आली, वाण्याने शेंगदाण्यात काय मिसळलं. उठून जायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर उठून जावंसंही वाटत नसे.

लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे गेले, म्हणजे रविवारच्या हद्दीतच राहिले. माझा नवरा साताऱ्याकडचा, अतिशय सभ्य माणूस. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आईने त्याला मांडीवर घेतलं. "जावयाचा मान पहिला," ती म्हणाली. त्याला वाटलं, हा आमच्याकडचा लग्नानंतरचा काहीतरी विधी असावा, एकदाच करायचा असेल. दुसऱ्या रविवारी त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नाही म्हणायची सोय का नव्हती, तेही सांगते. मी कॉलेजात असताना बाबा एकदा म्हणाले होते, "आज राहू दे गं." एवढंच. आई रागावली नाही. तिने वाटीतलं तेल बाटलीत ओतलं, बोंडलं पुसून ठेवलं आणि ती गप्प झाली. स्वयंपाक केला, वाढलं, बाबांच्या शर्टाला इस्त्री केली, पण तोंडातून शब्द नाही. आमची आई गप्प होणं म्हणजे काय, हे समजायला तिचा आवाज ऐकलेला हवा. ती तिसऱ्या मजल्यावरून गेटबाहेरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि तो खाली येण्याची विनंती करत नाही. असा आवाज घरातून अचानक गेला. आम्हाला फ्रिज ऐकू यायला लागला. जेवताना आपण चावतोय ते ऐकू यायला लागलं. मला इतकं भीतीदायक कधीच काही वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी आई दिवाणावर बसायच्या आतच बाबा तिथे आडवे झालेले होते. तेव्हापासून घरात कोणी तेलाला नाही म्हटलं नाही.

तर एका सकाळी अंघोळ करताना माझ्या उजव्या कानात पाणी गेलं आणि कान फट्‌कन बंद झाला. मी एका पायावर उड्या मारल्या. नाक दाबून फुंकलं. पेनचं टोपण घातलं, बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढली आणि सुदैवाने परत अडकवली. माझं ऑफिस ठाण्याला, नौपाड्यात, एका आर्किटेक्टकडे. तिथे दिवसभर मी फोन डाव्या कानाला लावून लोकांवर ओरडत राहिले. दुपारी साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, क्लायंट घाबरतायत."

ऑफिसच्याच गल्लीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंची पाटी होती. डोंबिवलीत जायचा प्रश्नच नव्हता. तिथले सगळे डॉक्टर, त्यांचे कंपाउंडर आणि केमिस्ट आईला ओळखतात. मी तिथल्या एखाद्या पायरीवर पाय ठेवला असता तर मी उतरायच्या आत आईला कळलं असतं की मुलगी कान दाखवायला गेली. मग प्रश्न आला असता, तेल घालते ना मी? मग डॉक्टरकडे कशाला? आणि मग ती गप्प झाली असती.

डॉक्टरीणबाई साठीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कानात नळी घालून समोरच्या पडद्यावर चित्र दाखवलं. मला वाटलं, हा चुकून कोणाचा तरी घाट रस्ता लागला. दरड कोसळून पूर्ण बंद झालेला.

"हा तुमचा कान," त्या म्हणाल्या.

त्यांनी कानाखाली धरायला मला वाटोळी ट्रे दिली आणि भल्या मोठ्या पिचकारीने कोमट पाणी आत सोडलं. डोक्यात नळ फुटल्यासारखं झालं. एकदा, दोनदा, आणि मग ट्रेमध्ये टप्‌कन काहीतरी पडलं. तपकिरी, जांभळाच्या बीएवढं. त्याच क्षणी बाहेरच्या गल्लीतली रिक्षा थेट माझ्या डोक्यातून गेली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. माझ्याच बांगड्या इतक्या वाजतात हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ट्रे उचलली आणि नाकाजवळ नेली.

"लसूण," त्या म्हणाल्या. मग परत वास घेतला. "ओवा. आणि वेखंड. तुम्ही डोंबिवलीच्या का?"

मी खुर्चीतून पडायची राहिले. "तुम्हाला कसं कळलं?"

"हे तेल माझ्या ओळखीचं आहे," त्या म्हणाल्या आणि त्यापुढे काही सांगेनात. पेशंटबद्दल बोलत नाही म्हणे. मला वाटलं, आई बिल्डिंगभर बाटल्या वाटते, त्यातलंच कोणीतरी असेल. कोणाचं असेल याचा मी परतीच्या वाटेवर मजेत विचार करत होते.

मी निघायच्या आधी त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मळ ही घाण नव्हे, कानाने स्वतःसाठी केलेली सोय आहे. धूळ अडवते, आणि मग आपोआप बाहेर सरकत येते. "कान स्वतःचं स्वतः बघतो. त्यात तेल ओतलं की सगळं तिथेच चिकटून बसतं. तेल बंद. काड्या, पिना, किल्ल्या सगळं बंद. अंघोळीच्या वेळी कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवा, पाणी जाणार नाही." डाव्या कानात म्हणे खडा झाला होता. त्यासाठी थेंब दिले आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या आठवड्यात मी क्लिनिकचं दार ढकललं तर समोरच्या बाकड्यावर बाबा. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वर्तमानपत्र आणि दोन पायांच्या मधे तेलाचा डबा.

"बाबा! तुम्ही कल्याणला गेलेलात ना तेल आणायला?"

"गेलेलो," बाबा म्हणाले. "येताना इकडे आलो."

कल्याणहून घरी यायला ठाणं वाटेत लागत नाही. ठाणं डोंबिवलीच्या पुढे आहे. हे मी त्यांना सांगणार, तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि एका कानावर हात धरून माझा नवरा बाहेर आला. तो सकाळी मला म्हणाला होता, आज ऐरोलीला मीटिंग आहे, मरायलाही वेळ नाही.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणाली, "अय्या, तुम्ही एकाच घरातले?"

माझा डावा कान साफ झाल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात जाऊन बसलो. साबुदाणा वडे मागवले. डबा टेबलाखाली. तेव्हा कळलं की बाबा कित्येक वर्षं इथे येत होते, आणि जावयालाही त्यांनीच आणलं होतं. एका रविवारी दोघं दिवाणावर पाळीपाळीने पडून उठल्यावर त्यांची नजरानजर झाली होती म्हणे, आणि न बोलताच सगळं ठरलं.

"आणि मला नाही सांगितलं?" मी चिडले. "मी कोण आहे?"

"अगं, तुला सांगितलं की तुझ्या चेहऱ्यावर दिसतं," नवरा म्हणाला. "मग आईंना कळलं असतं."

"तू तरी कुठे सांगितलंस आम्हाला?" बाबा म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही वड्याला चटणी फार घेताय.

पण पुढे करायचं काय? डॉक्टरीणबाईंनी तेल बंद सांगितलंय आणि आईला नाही म्हणणं कोणाला जमणार नाही. ती आता पंच्याहत्तरीच्या पुढे. तिचं गुडघ्यामुळे खाली उतरणं कमी झालेलं. आठवडाभर ती रविवारचीच तयारी करते, शनिवारीच लसूण सोलून ठेवते. तिला जर कळलं की तिचं तेल आत जातं आणि नौपाड्यात बाहेर काढलं जातं, तर या वेळी ती किती दिवस गप्प बसेल कोण जाणे. या वयात ती कायमचीच गप्प झाली तर? हे मी मोठ्याने म्हटलं आणि तिघांनीही वडे खायचे थांबवले.

उपाय बाबांनी काढला. बाबा जन्मभर कारखान्यात फिटर होते. कुठे गळत असेल तर काय करायचं हे त्यांना कळतं. "त्या बाईंनी अंघोळीचा बोळा सांगितलाय ना? व्हॅसलीनवाला? तोच रविवारी घालायचा. छोटासा, आत दिसणार नाही असा. ती चष्मा काढते. तेल वरच्या वर राहील, मग बाथरूममध्ये जाऊन काढून टाकायचा."

रविवारी आम्ही एकेक करून बाथरूममध्ये गेलो आणि बोळे घालून आलो. आईने एकेकाला मांडीवर घेतलं. तेल आत गेलं नाही, कानाच्या वाटीत साठून गळ्यावर ओघळलं. "हल्ली तुमचे कान पीत नाहीत पूर्वीसारखे," ती काळजीने म्हणाली. बाबा डोळे मिटून पडून होते. पुढे कित्येक रविवार हे असंच चाललं.

पण कान उघडल्यामुळे एक भलतीच गोष्ट आमच्या लक्षात आली. आईच्या आवाजाने आमच्या कानठळ्या बसायला लागल्या. तिची मालिका लागली की शेजारच्या काकू आपला टीव्ही बंद करून आमच्याकडचीच ऐकायच्या. इतकी वर्षं आम्हाला हे सगळं बेताचं वाटत होतं, कारण आमचे कान तेलाने बंद. मग आई एवढी मोठ्याने का बोलते, हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदाच पडला.

तो सुटला चहावर. दुपारी आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. बाबा म्हणाले, "मला चहा नको गं, पित्त झालंय." थोड्या वेळाने तिने त्यांच्यापुढे कप आणून ठेवला. बाबांनी तो मुकाट्याने घेतला.

"बाबा, तुम्ही नको म्हणालात ना?"

"मी रोजच नको म्हणतो," बाबा म्हणाले. "ती आग्रहाने देते."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते उठून आईच्या मागे जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ऐकतेस का?" आई लसूण सोलत राहिली. बाबांनी परत हाक मारली. मग ते परत खुर्चीवर येऊन बसले आणि गार झालेला चहा त्यांनी पूर्ण पिऊन टाकला. मला त्यांच्याकडे बघवेना.

आईला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे मोठाच बेत करावा लागणार होता. "माझ्या कानांना काय धाड भरलीय? तुम्हीच सगळे पुटपुटता," हे तिचं उत्तर ठरलेलं. शेवटी बाबांनी स्वतःच्या कानाचं निमित्त केलं आणि सोबतीला ये म्हणून सांगितलं. मी आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंना गाठून हात जोडले की तेलाबद्दल काही बोलू नका. त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर सांगणार नाही." एवढ्यावर भागवणं आलं.

आई ठेवणीतली साडी नेसून आली. हातात पिशवी. क्लिनिकात शिरतो तोच रिसेप्शनवरची मुलगी आनंदाने ओरडली, "काय आजोबा, परत भरले कान? आणि ताई, दादा पण!" आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. आईने तिच्याकडे बघून गोड हसत मान डोलावली. "हो हो," ती म्हणाली, "डोंबिवलीहून आलो."

आम्ही वाचलो होतो. पण आनंद झाला नाही. नवऱ्याने खाली मान घातली आणि मी आईचा हात धरून तिला बाकड्यावर बसवलं.

आत गेल्यावर बाबांचं नाटक लवकर आटोपलं आणि "आता आलाच आहात तर तुमचेही बघू" म्हणून डॉक्टरीणबाईंनी आईला खुर्चीत बसवलं. पडद्यावर आईचा कान आला. गुलाबी, लख्ख, शेवटी मोत्यासारखा पडदा. इतका स्वच्छ कान आमच्या खानदानात कोणी पाहिला नव्हता.

"वा," डॉक्टरीणबाई मोठ्याने म्हणाल्या. "मळाचा कण नाही."

"मग!" आई आमच्याकडे वळून म्हणाली. तिने विजयी मुद्रेने पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "तुमच्यासाठी आणलंय. घरचं आहे."

डॉक्टरीणबाईंनी बूच उघडलं, वास घेतला आणि बाटलीवरून आम्हा तिघांकडे एक नजर टाकली. मग आईच्या कानाजवळ वाकून विचारलं, "हे तुम्ही तुमच्या कानात घालता?"

"छे हो. मला कोण घालणार?" आई म्हणाली. "आपलं आपल्याला नाही घालता येत. दुसऱ्याची मांडी लागते."

ती हे सहज म्हणाली, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. एवढ्या वर्षांत तिला कधीही, कोणीही, आडवी हो म्हटलं नव्हतं. मी भिंतीवरचं कानाचं चित्र वाचायला लागले, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि डॉक्टरकडे कान दाखवायला आलेल्या माणसाने रडू नये.

मग आवाजाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. आईने पहिल्यांदा फारच उत्तम मार्क मिळवले. नंतर तपासणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं की तिने आईकडे बघितलं की आई बटण दाबते, पोरीला वाईट वाटू नये म्हणून. आईला पाठमोरं बसवून परत तपासणी केली तेव्हा खरं काय ते कळलं. मळ नाही, नसच अशक्त झाली होती. मशीन लागणार होतं.

निघताना आईने विचारलंच. "तेल चांगलं आहे ना हो?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उत्तम आहे. गुडघ्याला लावा. कानात नको." शेवटचं बोलताना त्या कागदावर लिहीत होत्या, मान खाली होती. घरी आल्यावर आईने काकूंना दारातूनच सांगितलं, "मोठ्या डॉक्टर आहेत. तेल उत्तम आहे म्हणाल्या. गुडघ्यालासुद्धा चालतं."

मशीन आलं. क्लिनिकात आईने ते शहाण्यासारखं घालून दाखवलं आणि रिक्षात बसताच काढून पर्समध्ये टाकलं. घरी ते देवघराच्या ड्रॉवरमध्ये, उदबत्त्या आणि फुलवातींच्या शेजारी जाऊन पडलं. "लोकांना वाटेल, म्हातारी बहिरी झाली," ती म्हणाली. हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की कोणाला कळायचं राहिलं असेल असं मला वाटत नाही.

असे काही रविवार गेले. "दुसऱ्याची मांडी लागते" हे माझ्या डोक्यातून जाईना. एका रविवारी आमचं तिघांचं तेल आटोपलं, आई ताटली आवरायला लागली, तेव्हा मी दिवाणावर मांडी घालून बसले आणि मांडी थोपटली.

"आज तू आडवी हो."

"मी कशाला?"

"हो म्हटलं ना."

ती लाजली. खरंच लाजली. पदर सावरत आडवी झाली, पण मान ताठ धरून. डोक्याचं वजन माझ्यावर पडू नये म्हणून ती ते अधांतरी धरून होती. "मान सैल सोड," मी तिच्याच आवाजात ओरडले. मग हळूहळू वजन आलं. फार नव्हतं. मी तिच्या कानामागे बोटाने थोडं तेल चोळलं, ते पुसून काढलं, आणि खिशातून मशीन काढून तिच्या कानात बसवलं. तिने हात वर केला, पण तो पोचायच्या आत मी बटण दाबलं होतं.

आईने डोळे उघडले. वर पंख्याकडे बघत राहिली.

"हा वाजतो?" तिने विचारलं.

बाबा पलीकडे नवऱ्याशेजारी बसले होते, दोघांच्याही कानात अजून बोळे. बाबांना वाटलं आपण कुजबुजतोय. "संपलं," ते खणखणीत आवाजात नवऱ्याला म्हणाले. "आता तिला सगळं ऐकू येणार. आपल्या बोळ्यांचं काही खरं नाही. पटकन जाऊन काढून या."

आई उठून बसली.

"कसले बोळे?"

तिने चष्मा घातला. बाबांच्या कानाची पाळी मागे ओढली आणि दोन बोटांनी तेलाने निथळणारा बोळा बाहेर काढला. मग जावयाचा. मग माझा. सगळे बोळे तिने ताटलीत ओळीने ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. नौपाडा, ट्रे, कल्याणहून ठाण्याला जाणारा डबा, सगळं. माझं बोलणं संपलं आणि घरात पंखा ऐकू यायला लागला. मग फ्रिज. हाच तो आवाज, मला वाटलं. आली ती शांतता.

"मला वाटायचं," आई म्हणाली, "तुम्हाला आवडतं."

ती हे इतकं हळू म्हणाली की आम्ही तिघंही पुढे वाकलो. तिचा आवाज मला ओळखूच येईना. कानात मशीन आल्यावर तिला स्वतःचा आवाज इतक्या वर्षांनी नीट ऐकू आला होता आणि तिने तो माणसांसारखा खाली आणला होता. लहानपणी मला मांडीवर घेऊन बातम्या सांगायची तो हा आवाज होता. मी तो विसरून गेले होते.

"आवडतं," बाबा म्हणाले. "तेल नाही आवडत. आडवं पडायला आवडतं."

आई ताटलीतला एक बोळा बोटाने इकडून तिकडे सरकवत होती. मग तिने तेलाची वाटी उचलून आपल्या गुडघ्याजवळ ठेवली, परत मांडी घालून बसली आणि मांडीवरचं तेल पदराने पुसून घेतलं.

"मग पडा," ती म्हणाली. "नुसते पडा."

जावयाचा मान पहिला, म्हणून नवरा आडवा झाला. मग बाबा, आणि ते उठायचं नावच घेईनात. शेवटी मी त्यांना ढकलून काढलं. मी डोकं ठेवलं तेव्हा आईने मोबाईलची बॅटरी लावून माझ्या कानात बराच वेळ बघितलं. मशीन नीट बसलंय ना, हे एका हाताने चाचपलं. आणि त्या नव्या, हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "आत मळ आहे थोडा. त्या तुमच्या बाईंना सांग, पुढच्या वेळी नीट बघा म्हणावं."

मी सांगते म्हटलं.